दाखव बघू मोबाईल

विंचूरच्या माणसाचा मोबाईल उघडला की आधी कांदा दिसतो. चाळीतला कांदा, ट्रॉलीतला कांदा, कोंब फुटलेला कांदा, आणि ‘हा बघ, व्यापारी याला गोल्टी म्हणतोय’ असं लिहून भाच्याला पाठवलेला कांदा. त्याखाली डाउनी रोग आलेलं द्राक्षाचं पान, कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराला दाखवण्यासाठी काढलेलं. मग सातबारा, नेमका गट नंबर कापलेला. आधार कार्डं चार : स्वतःचं, बायकोचं, आईचं, आणि चौथं कोणाचं हे घरात कोणालाच सांगता येत नाही. शुभ सकाळ शेकड्याने. आणि अगदी तळाशी मेव्हण्याने रात्री उशिरा पाठवलेले काही व्हिडिओ, जे ‘आपण तर उघडलेच नाहीत’.

एवढा ऐवज खिशात घेऊन हा माणूस तीनपाटीला उभा असतो. नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्ता इथून जातो, लासलगावचा फाटा इथेच फुटतो, लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार गावात आहे, शिवाय औद्योगिक विकास महामंडळाचं वाईन पार्कही आहे. (वाईन पार्क असूनही गावाला चढते ती कांद्याच्या भावाचीच.) अशा वर्दळीच्या रस्त्याला, मग तो महाराष्ट्रातला कुठलाही असो, नाकाबंदी काही चुकत नाही. लायसन दाखवून होतं, पीयूसी दाखवून होतं, विमा डिकीत सापडतो. आणि मग कधी कधी एक वाक्य येतं, जे मोटार वाहन कायद्याची सगळी पानं उलटली तरी सापडणार नाही : “मोबाईल दाखव बघू.”

या वाक्यावर ‘कशासाठी?’ असं विचारणारा माणूस तालुक्यात जन्मलाच नाही असं नव्हे. पण जो जन्मला तो पुढे वकील झाला. बाकीचे फोन नुसता काढत नाहीत, स्वतःच्या अंगठ्याने उघडून देतात. वर म्हणतात, “साहेब, उन्हात दिसत नसंल, थांबा, ब्राइटनेस वाढवतो.”

आता हाच माणूस बाजार समितीतून हिशोबपट्टी हातात पडल्याशिवाय पाऊल बाहेर टाकत नाही. हमाली किती धरली, तोलाई किती, वाराई कशाची, भुईकाट्यावर वीस किलो कमी कसे भरले, यावर तो व्यापाऱ्याच्या दिवाणजीशी तासभर हुज्जत घालेल. दीडशे रुपयांच्या फरकासाठी पट्टी दोनदा लिहायला लावेल. आणि त्याच बाणेदार हाताने, आयुष्य भरलेला फोन मात्र कुठल्याही चिटोऱ्याशिवाय समोरच्याच्या हातात ठेवेल. मोबाईलच्या झडतीचा कायदा थोडक्यात सांगायचा तर तो याच न मागितलेल्या पट्टीचा कायदा आहे.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पोलिसांना मोबाईल घेण्याचे अधिकार त्यात आहेत, आणि भरपूर आहेत. उगाच कोणी गैरसमजात राहू नये. तपासासाठी हवा असेल तर कलम ९४ खाली न्यायालय समन्स काढू शकतं किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. नव्या कायद्याने त्यात संदेशवहनाची साधनं नाव घेऊन घातली आहेत. वस्तू चोरीची असल्याचा किंवा गुन्ह्याशी जोडलेली असल्याचा संशय असेल तर कलम १०६ खाली जप्ती होते आणि तसा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे जातो. वॉरंट आणायला वेळ नसेल तर कलम १८५ खाली विनावॉरंट झडती घेता येते, पण अधिकाऱ्याने कारणं लिहून काढायची आणि त्या लेखाची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. अटक केली तर कलम ४९ खाली अंगझडती, आणि अंगावरच्या ज्या वस्तू ताब्यात घेतल्या त्यांची पावती.

समन्स, लेखी आदेश, कारणांची नोंद, पंचनामा, पावती. प्रत्येक वाटेवर कागद आहे. ‘दाखव बघू’ या कलमाला तेवढा कागद नाही, कारण ते कलमच नाही. ती विनंती आहे. फक्त गणवेशातल्या माणसाने केलेली विनंती ऐकायला हुकमासारखी लागते, आणि तिला ‘हो’ म्हटलं की पुढे कोर्टात तिचं नाव ‘स्वेच्छेने दिला’ असं पडतं. स्वेच्छा हा प्रकार लग्नाच्या मांडवात आणि नाकाबंदीत सारख्याच दर्जाचा असतो.

फोन चोरीचा आहे का, एवढंच बघायचं असेल तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक बघता येतो. त्यासाठी ‘माऊली कांदा उत्पादक’ नावाच्या ग्रुपवर कोण काय बोललं हे वाचावं लागत नाही.

हैदराबादेत ऑक्टोबर २०२१ मध्ये मात्र नेमकं हेच वाचलं गेलं. पोलीस रस्त्यात दुचाकीवाल्यांना थांबवून त्यांच्या व्हॉट्सॲपमध्ये ‘गांजा’ हा शब्द शोधत असल्याचे व्हिडिओ देशभर फिरले. एका कार्यकर्त्याने पोलीस आयुक्तांना कायदेशीर नोटीस धाडली. हाच प्रयोग विंचूरच्या निफाड तालुक्यात झाला असता तर शोधाच्या चौकटीत ‘निर्यातबंदी’ टाकावं लागलं असतं, आणि जे संदेश सापडले असते त्यांतली भाषा बघता अर्धा तालुका आत गेला असता.

‘पण आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ हा प्रश्न पारावर हमखास येतो, आणि तो विचारणारा तळाचे व्हिडिओ सोयीस्करपणे विसरलेला असतो. तेही बाजूला ठेवू. या प्रश्नाचं उत्तर लोकमान्य टिळकांच्या चरित्रात आहे, आणि विंचूरकरांना टिळक तसे परके नाहीत. पानिपतावर लढलेल्या विठ्ठल शिवदेवांच्या घराण्याचा पुण्यात जो विंचूरकर वाडा आहे, तिथे टिळक बरीच वर्षं राहत होते. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे उतरले ते याच वाड्यात. पुढे टिळक गायकवाड वाड्यात गेले. जून १९०८ मध्ये त्यांना मुंबईत अटक झाली आणि पोलिसांनी पुण्याच्या घराची झडती घेतली. कागदपत्रांत एक पोस्टकार्ड सापडलं. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावं लिहिलेली होती. बस्स, दोन नावं.

सरकारी पक्षाने ते कार्ड खटल्यात पुराव्यात दाखल केलं. टिळकांचं म्हणणं असं की सरकारने स्फोटकांचा नवा कायदा केला होता, त्यावर टीका लिहायची तर स्फोटक म्हणजे काय ते वाचायला नको का? संपादकाने लिहिण्यापूर्वी वाचावं ही कल्पना सरकारला पटली नाही. ज्यूरीचे सात दोषीच्या बाजूने, दोन विरुद्ध. २२ जुलैला न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि टिळक मंडालेला गेले. शिक्षा झाली ती केसरीतल्या लेखांबद्दल, कार्डाबद्दल नव्हे. तरी १९०८ सालची ही दोन ओळींची सर्च हिस्ट्री कोर्टात फडकवून झालीच.

आता विहिरीला कातळ लागला म्हणून ‘जिलेटिन किती लागतं’ असं मोबाईलला विचारणारे शेतकरी गावोगाव आहेत. उंदरांनी चाळ पोखरली म्हणून ‘सगळ्यात जहाल विष कोणतं’ विचारणारेही. शिवाय सासूचा वाढदिवस त्याच आठवड्यात असला, तर पुढचं बोलायलाच नको.

तर माणसाने ‘नाही’ म्हटलं आणि तरी फोन रीतसर जप्त झाला. पुढे? पुढे पिन.

इथे न्यायशास्त्रातली एक सुरेख गंमत आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३) सांगतो की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. १९६१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात अकरा न्यायमूर्ती बसले आणि त्यांनी ठरवलं की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना या काही ‘साक्ष’ नव्हेत. साक्ष म्हणजे डोक्यातलं ज्ञान बाहेर काढणं. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा धरून संमतीशिवाय नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली. याचा अर्थ असा निघतो की अंगठा हे अंग आहे आणि पिन हा विचार आहे. ज्याने हौसेने फिंगरप्रिंटचं लॉक ठेवलं तो कायद्याच्या दृष्टीने जरा उघडा पडला, आणि ज्या आजोबांनी ‘ते अंगठाबिंगठा आपल्याला जमत नाही’ म्हणून चार आकडे ठेवले ते नकळत अनुच्छेद २०(३) च्या आसऱ्याला जाऊन बसले. शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषाच पुसल्यात, त्यांना रेशन दुकानातल्या यंत्राने छळलं असेल. इथे त्याच बोटांचा फायदा.

अर्थात इतकं सोपं असतं तर वकील उपाशी मेले असते. मार्च २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने वीरेंद्र खन्ना प्रकरणात उलटा सूर लावला : न्यायालयाच्या आदेशाने पासवर्ड द्यायला लावणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. मात्र याच निकालाने हेही सांगितलं की स्मार्टफोनची झडती ही घरझडतीसारखी समजावी आणि एरवी तिला वॉरंट हवं. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयाने महेशकुमार शर्मा प्रकरणात त्याच्याशी असहमती दाखवली : आरोपीकडून पासवर्ड वदवून घेता येणार नाही, बोटाचा ठसा मात्र घेता येईल. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका जामिनाच्या आदेशात आरोपीवर पासवर्डची सक्ती करता येत नाही असंच म्हटलं. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहेच : सरकारने रीतसर आदेश काढून माहिती उलगडून मागितली आणि मदत नाकारली, तर सात वर्षांपर्यंत कैद. म्हणून पारावर जो छातीठोकपणे ‘पिन द्यायचाच नाही, सुप्रीम कोर्टाने सांगितलंय’ म्हणतो, त्याला कोणत्या खटल्यात ते विचारावं. तो चहा सांगायला उठतो.

छातीठोक मंडळींचा दुसरा सल्ला त्याहून वाईट : पोलीस दिसले की सगळं डिलीट मारायचं. पुरावा म्हणून मागितला जाऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे ज्याच्याकडे मूळ गुन्हाच नव्हता, तोही घाबरून बटण दाबल्याने एक कमावून बसू शकतो. आणि डिलीट केलेलं परत काढणारी माणसं न्यायवैद्यक प्रयोगशाळेत असतात. कलिनाला आहेत तशी नाशिकलाही आहेत.

जगात इतरत्र काय चालतं, हेही पारावर विचारलं जातं, कारण कुणाचा तरी पुतण्या कॅलिफोर्नियात असतोच. त्याच कॅलिफोर्नियातल्या रायली खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एकमताने सांगितलं की अटक केली म्हणून पोलिसांना मोबाईल चाळता येणार नाही, आधी वॉरंट आणा. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालात लिहिलं की मंगळावरून कोणी आलं तर त्याला हा फोन माणसाच्या शरीराचाच अवयव वाटेल. त्या मंगळवासीयाने लिलावाच्या वेळी विंचूरला यावं. एका कानाला एक, दुसऱ्या कानाला दुसरा आणि खांदा वाकडा, अशी अवयवरचना त्याला कुठल्याच ग्रहावर मिळणार नाही.

आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं जाहीर केलं. जुलै २०२४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयाँ यांच्या पीठाने फ्रँक व्हाइटस प्रकरणात आणखी बजावलं की जामिनावर सोडताना ‘गूगल मॅपवर पिन टाकून तू कुठे आहेस ते सतत दिसू दे’ अशी अट घालता येणार नाही. ही बातमी गावात फारशी कोणाला पटली नाही. तीनपाटीला उभं राहून बायकोला ‘येवल्यात आहे’ सांगणाऱ्यावर घरून पाळत ठेवायला गूगल लागत नाही. समोरच्या किराणा दुकानात आत्या बसलेली असते.

चॅटची किंमत किती, हा आणखी वेगळा विषय. मुंबईच्या क्रूझवरच्या अमली पदार्थ प्रकरणात २०२१ च्या ऑक्टोबरात वाहिन्यांनी व्हॉट्सॲपचे संवाद पोथीसारखे वाचले. न्यायमूर्ती नितीन सांबरे यांनी आर्यन खानच्या जामिनाच्या आदेशात म्हटलं की त्या चॅटमध्ये कटाकडे बोट दाखवणारं आक्षेपार्ह काही नाही.

नव्या संहितेच्या कलम १०५ ने एक फर्मास प्रकार आणला आहे. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं, आणि ते शक्यतो मोबाईलवर. म्हणजे एका मोबाईलच्या अटकेचं शूटिंग दुसरा मोबाईल करणार. वस्तूंची यादी, पंचांच्या सह्या, सगळं चित्रित होऊन दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. पंच या संस्थेला यात प्रथमच मेकअपची गरज भासू लागली आहे. पूर्वी पंच म्हणजे रस्त्याने जाणारा, दोन सह्यांपुरता थांबवलेला गरीब जीव. आपण कशावर सही केली हे त्याला पाच वर्षांनी समन्स आल्यावर कळायचं. आता तो व्हिडिओत दिसतो, आणि ‘मी तिथे नव्हतोच साहेब’ म्हणण्याची त्याची पिढीजात सोय गेली.

फोन नेहमी आरोपीचाच असतो असंही नाही. या भागात द्राक्षाचे पैसे बुडवून पळालेल्या व्यापाऱ्यांची परंपरा जुनी आहे. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांच्या अशा तक्रारींसाठी मोहीमच उघडली होती. अशा वेळी फिर्यादीजवळ करारनामा नसतो, असतं ते व्हॉट्सॲप. ‘शेठ पेमेंट?’ ‘सोमवारी.’ ‘शेठ सोमवार झाला.’ आणि मग निळ्या टिकांची स्मशानशांतता. हा पुरावा कोर्टात चालवायचा तर प्रमाणपत्र लागतं. ते का लागतं, याचं उत्तर जालन्यात आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, अर्ज वेळेत भरला की नाही यावर निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाचा वाद झाला, आणि जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या देशासाठी ठरवून टाकलं : मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र हवंच. जालन्याचं स्टील आणि जालन्याचा हा निकाल, दोन्हीवर आता देशभर बांधकाम चालतं.

त्या प्रमाणपत्राचा नमुना नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने परिशिष्टातच छापून दिला आहे. त्यात फोनची कंपनी विचारली आहे, मॉडेल विचारलं आहे, आयएमईआय विचारला आहे. रंगही विचारला आहे. पुढे हॅश मूल्य कोणत्या पद्धतीने काढलं ते लिहायचं : एसएचए १, एसएचए २५६, एमडी ५. द्राक्षाच्या बागेत ‘थॉमसन की सोनाका’ एवढाच पर्याय आयुष्यभर माहीत असलेला माणूस या चौकटींपुढे बसतो आणि रंगाच्या रकान्यात मोठ्या आत्मविश्वासाने ‘निळा’ लिहितो. कव्हरचा.

आणि जप्त झालेला फोन परत मिळवायचा, तर अर्ज. संहितेची कलमं ४९७ आणि ५०३ त्यासाठी आहेत, आणि सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगून ठेवलं आहे की मुद्देमाल ठाण्यात गरजेपेक्षा जास्त काळ सडवू नये. निफाडच्या कोर्टात वकील अर्ज टाकतो, सरकारी पक्षाचा ‘से’ मागवला जातो, तारीख पडते, ‘से’ येत नाही, पुन्हा तारीख पडते. मग एके दिवशी सुपुर्दनामा होतो : विकणार नाही, कोणाला देणार नाही, मागाल तेव्हा हजर करीन. बंधपत्रावर अंगठा किंवा सही. मुद्देमाल कारकून लाखेची पिशवी फोडतो आणि फोन हातात ठेवतो.

घरी येऊन तो चार्जिंगला लागतो, बऱ्याच वेळाने उजेड दाखवतो आणि पिन मागतो. जो आकडा तपास अधिकाऱ्याला सांगितला नाही, ज्याच्यासाठी वकिलाने अकरा न्यायमूर्तींचा निकाल वाचून दाखवला, तो मालकाला काही केल्या आठवत नाही. लग्नाचं साल घालून होतं, ट्रॅक्टरचा नंबर घालून होतो, आणखी एकदा चुकलं तर फोन तासभर बंद अशी धमकी पडद्यावर येते. तेव्हा आतल्या खोलीतून सातवीतल्या नातवाला बोलावतात. तो जेवता जेवता डाव्या हाताने चार आकडे दाबतो आणि फोन उघडून देतो. वॉरंट त्याच्याकडेही नसतं.